कॉर्ड लाईन होईपर्यंत गाडी थांबवायची का?

दौंड जंक्शनवर ज्याने एखादी रात्र काढली आहे, त्याला ‘इंजिन फिरवणं’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पुण्याहून मनमाडकडे निघालेली गाडी दौंडला येऊन थांबते. पुढचं इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागच्या टोकाला जातं, तिथे जोडलं जातं आणि गाडी आल्या वाटेने उलटी निघून नगरच्या दिशेला लागते. प्रवासी तेवढ्या वेळात चहा पिऊन येतात. दोन लाईन अशा कोनात मिळाल्या होत्या की दुसरा इलाज नव्हता. पुढे गावाबाहेरून कॉर्ड लाईन टाकली गेली, तिथे वेगळं स्टेशन झालं, आणि आता बऱ्याच गाड्या मुख्य स्टेशनात न येता परस्पर जातात. दौंडकर त्यावरही कुरकुरतात, तो विषय वेगळा.

मुद्दा एवढाच की कॉर्ड लाईन होईपर्यंत रेल्वेने गाड्या बंद ठेवल्या नव्हत्या. ‘रूळ चुकीच्या कोनात आहेत, ते सरळ होईपर्यंत प्रवाशांनी घरी बसावं’ असं कुणी म्हटलं नाही. वर्षानुवर्षं इंजिन फिरवलं.

हे आठवायचं कारण पुण्यातला माझा एक मित्र. मुक्त सॉफ्टवेअरचा कट्टर माणूस, मनाने निर्मळ. त्याचं एक वाक्य गेली काही वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही: “भाई, बंद बोली बोलणाऱ्या फोनला आपल्या दारात जागा नाही. कंपनीने बोली खुली करावी, मग बोलू.” वाक्य ऐकायला झकास आहे. पण माझ्या मते ते चुकीचं आहे, आणि त्या चुकीची किंमत बोलणारा देत नाही, दुसराच कुणीतरी देतो. म्हणून हा लेख.

आधी माझ्यावर काय बेतलं ते सांगतो. एका छोट्या ट्रस्टचे दोन दवाखाने आहेत, एक शिरूरला, एक दौंडला. मध्ये पन्नास-साठ किलोमीटर. शिरूरला रेल्वे नाही, सगळी ये-जा रस्त्याने. डॉक्टर शिरूरला बसत, दौंडला आठवड्यातून दोन दिवस येत. बाकी दिवस तिथे कंपाऊंडरभाई. पुण्यात एक ऑफिस बंद झालं, त्यांचे इंटरनेटवर चालणारे बारा जुने फोन आणि त्यांचं एक्स्चेंज आम्हाला भंगाराच्या भावात मिळालं. फोन कुठल्या कंपनीचे ते सांगत नाही, कारण गोष्ट एका कंपनीची नाही. त्यांची आपसात बोलायची बोली, म्हणजे प्रोटोकॉल, त्या कंपनीची स्वतःची होती. शिरूरच्या यंत्रांसाठी आम्ही पैसे भरून जगाला दिसणारे पत्ते घेतले. दौंडला मात्र साधं कनेक्शन होतं आणि दारात एक जुना कॉम्प्युटर, त्यावर मुक्त सॉफ्टवेअर. ते मी स्वतः बसवलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

फोन लागत होता. घंटी वाजत होती. पण आवाज एकाच बाजूने जात होता: दौंडचं शिरूरला ऐकू येई, शिरूरचं दौंडला नाही. मी म्हटलं, बघू सवडीने.

ती सवड मिळायच्या आत एका संध्याकाळी माझ्या खालाची साखर एकदम उतरली. शेजारच्या पोरांनी तिला दौंडच्या दवाखान्यात आणलं. डॉक्टरसाहेबांचा मोबाइल लागेना, म्हणून कंपाऊंडरभाईंनी तो फोन उचलला. शिरूरला डॉक्टरसाहेबांनी घेतला. त्यांना सगळं ऐकू येत होतं: भाईंचं घाबरलेलं बोलणं, पोरांचा गलका, कुणीतरी मोठ्याने म्हणत असलेली दुआ. ते इकडून ओरडून काय करायचं ते सांगत होते. तिकडे फक्त शांतता. भाईंनी तीनदा फोन ठेवून तीनदा लावला. शेवटी रिक्षात घालून खालाला मोठ्या दवाखान्यात नेलं आणि ती वाचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरसाहेब मला एवढंच म्हणाले, “सगळं ऐकू येत होतं हो.”

दोष माझा होता. चालू नसलेली वस्तू मी चालू म्हणून भिंतीला लावली होती. पण त्यानंतर हा प्रश्न माझ्यासाठी तत्त्वचर्चेचा राहिला नाही.

आवाज एकतर्फी का होतो, ते समजून घेऊ. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून साधारण ४३० कोटी. जगाला ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये एक तोडगा लिहिला गेला, त्याला ‘नॅट’ म्हणतात. जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या जगासाठी वाड्याचा पत्ता एक. आत वीस खोल्या. देवडीवर एक माणूस बसलेला. आतून पत्र निघालं की तो पाकिटावरचा खोलीचा नंबर खोडून वाड्याचा पत्ता लिहितो आणि वहीत नोंद ठेवतो. उत्तर आलं की वही बघून बरोबर खोलीत पोचवतो. तुमच्या घरातला वायफायचा डबा हेच काम करतो. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे तुम्ही पाहिले असतील, ते खोल्यांचे नंबर.

साध्या पत्रांचं यात काही अडत नाही. फोनचं अडतं, कारण फोन पाकिटाच्या आतल्या कागदावरही लिहितो: ‘माझ्याशी बोलायचं तर आवाज अमुक नंबरच्या खोलीत पाठवा.’ देवडीवाला फक्त पाकीट बदलतो, आतला कागद त्याला वाचता येत नाही. पलीकडचा माणूस तो कागद वाचून आवाज पाठवतो, पण त्या खोलीचा नंबर वाड्याबाहेर कुणाला माहीत असणार? आवाज वाटेतच हरवतो. दौंडला नेमकं हेच होत होतं.

यावर एक इलाज असा की देवडीवाल्याला ती बोली शिकवायची, म्हणजे तो आतला कागदही दुरुस्त करील आणि आवाजासाठी बरोबर ते दार उघडून ठेवील. इथून वाद सुरू होतो. बोली खुली असेल तर शिकवायला कुणाची हरकत नसते. १९९९ मध्ये आलेली आणि २००२ मध्ये नव्याने लिहिलेली एसआयपी ही बोली कुणालाही वाचता येते. त्याआधीची, १९९६ ची एच.३२३ किचकट आहे, पण छापलेली आहे. लिनक्सच्या देवडीला ती २००६ मध्ये शिकवली गेली. पण ‘स्किनी’सारखी बोली? सेल्सियस नावाच्या कंपनीने ती बनवली, १९९८ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली, आणि बोली कंपनीच्या घरची झाली. ती शिकवायची की नाही?

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात दोन घरांनी दोन उत्तरं दिली. फ्री-बीएसडीच्या देवडीत स्किनी समजणारा भाग आहे. ओपनबीएसडीची रीत उलटी: देवडीच्या गाभ्यात कुठलीच बोली घालायची नाही, फाइल पाठवायच्या जुन्या एफटीपीसाठीसुद्धा त्यांनी गाभ्याबाहेर वेगळा छोटा प्रोग्राम ठेवला. दोन्ही घरं प्रामाणिक आहेत. माझं भांडण त्या दोघांशी नाही. ‘बंद बोली आहे ना, मग ना गाभ्यात ना बाहेर, कुठेच नको’ असं म्हणणाऱ्यांशी आहे.

त्यांचा पहिला मुद्दा: आपण बंद बोलीला मदत केली की बंद कंपनी बळकट होते. नकार दिला की ती वठणीवर येते.

इतिहास नेमका उलटा आहे. ऑगस्ट २००३ मध्ये स्काइप आलं. पूर्ण बंद बोली. जगातल्या एकाही देवडीने त्याला मदत केली नव्हती. स्काइपने मदत मागितलीच नाही. वापरणाऱ्यांचेच कॉम्प्युटर मध्यस्थ म्हणून वापरून ते प्रत्येक वाड्यात शिरलं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते साडेआठ अब्ज डॉलरला घेतलं. मग मे २०२५ मध्ये बंदही करून टाकलं आणि लोकांनी दुसरीकडे जावं म्हटलं. त्याच वर्षांत खुली एसआयपी मात्र वाड्यावाड्याच्या दारात अडकून पडत होती. म्हणजे दार बंद ठेवल्याने श्रीमंत कंपनी मरत नाही, ती स्वतःचा रस्ता बांधते. आज आपण ज्या ॲपवरून दुबईला बोलतो, तीही वाट न मिळाल्यास आवाज स्वतःच्या सर्व्हरवरून फिरवून नेतात. तो खर्च त्यांना झेपतो. दौंडच्या दवाखान्याला झेपत नाही. नकाराचा फटका कंपनीला बसत नाही. बसतो तो तिचा जुना फोन भंगारातून घेणाऱ्याला.

शिवाय बंद बोली शिकून घेणं म्हणजे शरणागती, हेही खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास सांबा हे काम सुरू केलं. मायक्रोसॉफ्टचे कॉम्प्युटर एकमेकांच्या फाइली कशा मागतात, ती बोली त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तारेवरचं बोलणं ऐकून ऐकून शिकून घेतली. त्यांनी स्वतः दाखला दिला आहे तो फ्रेंच हॉटेलाचा: भाषा येत नसली तरी रोज जाऊन बसा, शेजारचा काय मागतो आणि त्याला काय मिळतं ते बघा, हळूहळू भाषा येते. ‘कंपनीने आधी खुलं करावं’ म्हणत ते बसले असते तर काय झालं असतं? पुढे २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टविरुद्ध निकाल दिला, २००७ मध्ये तिथल्या न्यायालयाने तो कायम केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सांबाच्या लोकांना त्या बोलीची कागदपत्रं मिळाली. बोली खुली होण्याची मागणी जिंकली, कारण ती बोलू पाहणारं कुणीतरी मैदानात उभं होतं. घरी बसून तत्त्व पाळणाऱ्याला कुठलं न्यायालय विचारतं?

दुसरा मुद्दा: ही चोरी आहे. नाही. आपल्याच देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडा. कलम ५२ च्या पहिल्या उपकलमातली ‘एबी’ ही तरतूद सांगते की स्वतंत्रपणे बनवलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून चालवण्यासाठी लागणारी माहिती सहज उपलब्ध नसेल, तर ज्याच्याकडे तो प्रोग्राम कायदेशीरपणे आहे त्याने ती मिळवण्यासाठी केलेली कृती उल्लंघन ठरत नाही. आमचे फोन पावती घेऊन विकत घेतलेले होते. आपल्या वस्तूचं बोलणं आपण ऐकलं तर त्यात चोरी कसली?

तिसरा मुद्दा मात्र खरा आहे, आणि तो मी मान्य करतो. देवडीवाल्याला बोली शिकवली की त्याला फसवताही येतं. ऑक्टोबर २०२० मध्ये सॅमी कामकार या संशोधकाने दाखवून दिलं की एखादं वेबपान नुसतं उघडलं तरी तुमच्या ब्राउझरकडून असा मजकूर बाहेर पाठवून घेता येतो, जो देवडीला फोनचा निरोप वाटतो. देवडी बिचारी दार उघडते आणि बाहेरचा माणूस थेट आतल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतो. ब्राउझर बनवणाऱ्यांना घाईघाईने ५०६० आणि ५०६१ हे एसआयपीचे दरवाजे बंद करावे लागले. पण नीट बघा: या युक्तीत वापरली गेली ती एसआयपी आणि एच.३२३, दोन्ही छापलेल्या बोली! म्हणजे धोका बोली बंद असण्यात नव्हता. सगळ्यांसाठी, न विचारता, कायम चालू ठेवलेल्या मदतीत होता. लिनक्सने तर २०१६ मध्येच अशी मदत आपोआप लागू करणं बंद केलं होतं. मालकाने कुणासाठी हवी ते सांगायचं, मगच ती चालते.

म्हणून माझी मागणी अंदाधुंद नाही. बंद बोलीचा दुभाषा असावा, पण ओपनबीएसडीच्या रीतीने गाभ्याबाहेर असावा. आपोआप चालू नसावा. चालू केला तरी ठरावीक फोन आणि ठरावीक एक्स्चेंज यांच्यापुरताच. आणि त्या बोलीबद्दल जे जे कळलं ते साध्या भाषेत लिहून सगळ्यांसाठी ठेवावं. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. दुभाष्याने शिकलेलं लिहून ठेवलं की बंद बोली त्या दिवसापासून थोडी कमी बंद होते.

मित्र म्हणाला, “एवढं कशाला? दोन्हीकडे बोगदा टाक, प्रश्न संपला.” खरं आहे. आम्ही शेवटी तेच केलं. शिरूर आणि दौंडमध्ये आतल्या आत एक बंदिस्त वाट काढली, देवडी मधून गेली, आवाज दोन्हीकडून यायला लागला. पण ते जमलं कारण दोन्ही टोकं आमची होती. ज्याचं एकच टोक स्वतःचं आहे त्याने काय करावं? खालाचा मुलगा दुबईला आहे. तिथे कुठल्या ॲपवरून फोन करायचा हे तिथलं सरकार आणि परवाना असलेल्या दोन कंपन्या ठरवतात. परवानगी असलेल्या ॲपसाठी त्याने महिन्याला वेगळे पैसे मोजले आहेत. तिकडे बोगदा टाकायला मी कोण? अशा ठिकाणी बोली शिकण्याला पर्याय नसतो.

‘नवे पत्ते आले, आता नॅटच जाणार’ असंही सांगतात. नव्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही६ च्या पत्त्यांमध्ये भारत जगात पुढच्या रांगेत आहे, त्यात जिओचा वाटा मोठा, हे मान्य. पण आमच्या जुन्या फोनला ते पत्ते कळत नाहीत. कॉर्ड लाईन येणार हे ठाऊक असलं तरी आजची गाडी आजच सोडावी लागते.

आणि हे आपल्याला, मराठी मुसलमानांना, कुणी समजावून सांगायची गरज नसावी. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात उर्दू, कचेरीत इंग्रजी. शिरूरच्या बाजारात माझे अब्बा ज्याच्याशी बोलत त्याच्या बोलीत बोलत. त्याने काही त्यांची दखनी मोडली नाही. समोरच्याने आधी आपली भाषा शिकावी मग व्यवहार करू, असं म्हणून बसले असते तर आम्ही उपाशी राहिलो असतो. दुसऱ्याची बोली येणं ही गुलामी नाही. आपली बोली विसरणं ही गुलामी. मुक्त सॉफ्टवेअरने बंद बोली जरूर शिकावी, पण स्वतः बोलताना खुलं बोलावं.

आता बिल कुणी भरायचं ते सांगतो, कारण हा माझा खरा राग आहे. आज ते दोघे भरतात: रात्री जागून फुकट काम करणारा एखादा प्रोग्रामर, आणि ‘हॅलो, हॅलो’ करणारा कंपाऊंडर. भरायला हवं ते तिघांनी. एक, कंपन्यांनी: जो फोन तुम्ही विकणं आणि सांभाळणं थांबवलं, त्याची बोली छापून मोकळी करा. त्यात तुमचं आता काय जातं? युरोपात २०२३ मध्ये व्हॉट्सॲपला सांगितलं गेलं की इतरांच्या सेवांशी जुळवून घ्या, आवाजी फोनसाठी चार वर्षांची मुदत दिली. आपल्याकडे तेवढंही कुणी विचारत नाही. दोन, सरकारने: ई-प्रशासनात खुली मानकं वापरायचं धोरण केंद्राने नोव्हेंबर २०१० मध्येच जाहीर केलं आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत फोन घेताना त्याची बोली खुली आहे का, हा एक प्रश्न निविदेत घालायला पैसे लागत नाहीत. तीन, आपण: ट्रस्ट, पतसंस्था, शाळा. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून आपण घेतो आणि ते बनवणाऱ्याला ना चार पैसे देतो, ना कुठे अडलं ते धड लिहून कळवतो. मीही कळवलं नव्हतं. खालाच्या त्या संध्याकाळनंतर कळवलं, कुठलं पाकीट कुठे हरवतं त्याच्या नोंदींसकट.

मित्राला हे सगळं बोलून दाखवलं. तो म्हणाला, “तू तडजोड करतोयस.” हो, करतोय. तडजोड कुणाच्या खर्चाने होते हे मी आधी बघतो. त्याच्या नकाराचा खर्च दौंडच्या त्या खोलीत बसलेल्या माणसांवर पडतो, आणि त्यांना मत कुणी विचारलेलं नाही.

ते बारा फोन अजून आहेत. दोन बिघडले, दहा चालतात. पुढची खरेदी होईल तेव्हा खुल्या बोलीचेच फोन घ्यायचे, असा ट्रस्टने ठराव केला आहे. तो ठराव मीच लिहिला. तोपर्यंत इंजिन फिरवायचं.